फोन तुंबतो, म्हणून थकतो

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. विसापूर किल्ल्याच्या अंगावरून उतरलेले ढग मावळातल्या भाजे गावच्या भातखाचरांवर टेकले होते. मामा बांधावर उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. ई-पीक पाहणी करायची होती. गट नंबर निवडून झाला, पीक म्हणून भात भरून झालं आणि नेमका फोटो काढायच्या वेळी पडदा गोठला. बोट कुठेही लावा, फोन ढिम्म. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यांदा मामांनी फोन माझ्याकडे दिला.

"ह्याचं आता काय खरं नाय. चार वर्षं झाली. दिवाळीला नवा घेऊन टाकू."

"मामा, आधी मला बघू तर द्या. दुखणं काय आहे ते तरी कळू दे."

मावळात फोन हँग होणं ही आता साधी कटकट राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून, फोटोसह करायची पद्धत सुरू झाली. तीच ही ई-पीक पाहणी. ही नोंद सात-बाऱ्यावर जाते आणि अतिवृष्टीत भात झोपलं तर भरपाईच्या वेळी तीच कामाला येते. गावातली दुसरी कमाईही फोनवरच चालते. मळवली स्टेशनला उतरून, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून पर्यटक भाज्यात येतात. शेजारच्या लोहगड किल्ल्याचं नाव जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. या वाटेवर कणसं भाजणाऱ्या मावशीही क्यूआर कोड लावून बसतात. पैसे आल्याचा मेसेज उघडायला फोनने दोन मिनिटं घेतली, तर रांगेतलं गिऱ्हाईक पुढे निघून जातं.

त्या दिवशी ओसरीवर बसून मी मामांच्या फोनची तासभर तपासणी केली. हा लेख त्या तासाचा आहे. अंगात ताप आला की वैद्य आधी ताप कशाचा आहे ते बघतो, मग औषध देतो. मंद फोनचंही तसंच करायला हवं. आपण मात्र थेट ‘फॉरमॅट मारा’ किंवा ‘नवा घ्या’ इथे पोचतो.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: फोन मंद आहे की रेंज? विमानाचं चिन्ह दाबून फ्लाइट मोड सुरू करा आणि कॅल्क्युलेटर, गॅलरी, कॅमेरा उघडून बघा. हे झटकन उघडत असेल तर फोन ठणठणीत आहे, अडचण नेटवर्कची आहे. दुसरा प्रश्न: सगळाच फोन मंद आहे की एखादंच ॲप? एकच ॲप अडकत असेल तर ते अपडेट करा, किंवा काढून पुन्हा टाका. तिसरा प्रश्न: फोन कधी मंद होतो? कायम, गरम झाल्यावर, की चार्जिंग उतरल्यावर? या तीन उत्तरांत निम्मं निदान होऊन जातं.

मामांच्या फोनवर गॅलरीसुद्धा रखडत उघडली. म्हणजे दोष फोनमध्येच होता. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडलं आणि कारण समोर आलं. ३२ जीबीच्या फोनात मोकळी जागा होती जेमतेम ३८० एमबी.

पाटी पुसायला जागा लागते

फोन भरला की नवे फोटो मावणार नाहीत, हे सगळ्यांना कळतं. पण भरलेला फोन मंद का होतो, हे सहसा कुणी सांगत नाही. त्याचं उत्तर फोनच्या मेमरीच्या घडणीत आहे. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली. तिच्यातला अख्खा भाग एका झटक्यात पुसला जातो. ते बघून कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि तिचं नाव ‘फ्लॅश’ पडलं.

गंमत इथेच आहे. या मेमरीत लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी ती पुसावी लागते. आणि पुसायचं तर एक ओळ पुसता येत नाही, सबंध पाटीच पुसावी लागते. समजा, पाटीवर दहा ओळी आहेत आणि त्यातली एकच बदलायची आहे. मग उरलेल्या नऊ ओळी आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घ्यायच्या, नवी ओळ तिथे लिहायची आणि जुनी पाटी सावकाश पुसून बाजूला ठेवायची. घरात कोऱ्या पाट्या भरपूर असतील तर हे काम मागच्या मागे होऊन जातं. शेवटच्या दोनच पाट्या उरल्या असतील तर दर वेळी थांबायचं, उतरवायचं, पुसायचं, मग लिहायचं. मामांच्या फोनने फोटो काढताना हेच चाललं होतं. आपल्याला दिसला तो फक्त गोठलेला पडदा.

स्वस्त फोनमध्ये यात आणखी एक भर पडते. त्यांत बहुधा ईएमएमसी प्रकारची मेमरी असते. एका वेळी एकीकडचीच गाडी जाईल अशा अरुंद पुलासारखी ती चालते. वाचणं चालू असेल तर लिहिणं थांबतं. महागड्या फोनमधल्या यूएफएस मेमरीत दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी चालते. म्हणून जुन्या, साध्या फोनला मोकळी जागा जास्त जपावी लागते. एकूण जागेच्या पाचव्या हिश्श्याइतकी मोकळी ठेवली तर फोन सुखाने चालतो.

गुड मॉर्निंगचा गाळ

मग जागा खाल्ली कुणी? मामांच्या फोनमध्ये एकट्या व्हॉट्सॲपने नऊ जीबी अडवले होते. उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, एकादशीच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ आणि तेच व्हिडिओ पुन्हा तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आलेले. भारतातले फोन कशाने भरतात याचा शोध गुगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा त्यांनाही हीच सुप्रभातची चित्रं सापडली. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने भारतात ‘फाइल्स गो’ हे ॲप आणलं. असा जमलेला पसारा ओळखून पुसायला सुचवणं हेच त्याचं काम. पुढे त्याचं नाव ‘फाइल्स’ झालं आणि आज ते बऱ्याच फोनवर आधीपासूनच असतं.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज आणि डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’ असं गेलं की सगळ्यात मोठ्या फायली वर दिसतात. पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फायलींचा वेगळा गठ्ठा असतो. आधी तोच उपसा. मग त्याच सेटिंग्जमधलं ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करा. म्हणजे तुम्ही बोट लावाल तेच चित्र फोनमध्ये उतरेल. हे केलं नाही तर आज काढलेला गाळ महिनाभरात पुन्हा भरतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. ते गॅलरीच्या ‘बिन’मध्ये पडून राहतात आणि जागा अडवतात, म्हणून बिनही रिकामी करा. दोन, ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ असे दोन पर्याय असतात. पहिला निर्धोक आहे. दुसऱ्याने ॲप पुन्हा कोरं होतं आणि फोनमध्ये साठवून ठेवलेली, अजून अपलोड न झालेली माहितीही जाते. पीक पाहणीच्या दिवसांत ही चूक महागात पडेल. तीन, घरच्यांचे जपून ठेवायचे फोटो आधी पेन ड्राइव्हवर, संगणकावर किंवा गुगलच्या खात्यात उतरवून घ्या. गुगल १५ जीबीपर्यंत जागा फुकट देतं. ते फोटो उघडून खात्री झाल्याशिवाय फोनवरचे पुसू नका.

भाजे लेण्यांत पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांतल्या एकावर ब्राह्मीत लेख आहे: महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने दिलेलं हे दान. दोन हजार वर्षांपूर्वी टाकं खोदून देणाऱ्याचं पुण्य मोठंच, पण टाक्यात पाणी टिकतं ते त्यातला गाळ दरवर्षी कुणीतरी उपसतं तेव्हाच. फोन विकत घेताना आपण जीबी मोजून घेतो, गाळ काढायचं मात्र विसरतो.

कणगी आणि ओटा

दुकानात ‘चार जीबी, चौसष्ट जीबी’ असं म्हणतात. त्यातले चौसष्ट म्हणजे साठवणीची जागा, घरातल्या कणगीसारखी. चार म्हणजे रॅम, स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. कणगीत पोतंभर तांदूळ असला तरी चिरणं, मळणं, लाटणं ओट्यावरच होतं. ओटा लहान आणि पदार्थ दहा असले की एक उचलायचा, दुसरा ठेवायचा, असं चालतं. व्हॉट्सॲपवरून नकाशात गेलात आणि परत आलात की व्हॉट्सॲप पहिल्यापासून उघडतं, ते याचमुळे.

इथे एक समज खोडून काढायला हवा. अनेकजण दर दहा मिनिटांनी उघडी ॲप एकेक करून वर सरकवून बंद करतात. त्याने फोन हलका होत नाही. ओट्यावर कणीक पुन्हा लागणार असताना ती डब्यात भरून ठेवायची आणि पाच मिनिटांनी परत काढायची, असा तो प्रकार आहे. जागा कमी पडली की न लागणारं ॲप अँड्रॉइड स्वतःच बाजूला करतं. आपण बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना उलट जास्त कष्ट आणि जास्त बॅटरी लागते. अडकलेलं ॲप तेवढं बंद करावं, बाकीच्यांना हात लावू नये.

‘बूस्टर’, ‘क्लीनर’, ‘रॅम वाढवा’ अशा नावांची ॲप तर मुळीच नकोत. ती स्वतः सतत चालू राहतात, जाहिराती दाखवतात आणि जो ओटा मोकळा करायला आली त्याच्यावरच बसून राहतात. मामांच्या फोनमध्ये अशी दोन होती. ती काढल्याबरोबर मधेच उगवणाऱ्या जाहिराती थांबल्या.

काही फोनमध्ये ‘रॅम एक्स्टेंशन’ची सोय असते. ती कणगीतली थोडी जागा ओटा म्हणून वापरते. कणगी ओट्यापेक्षा फार संथ आणि साध्या फोनात ती आधीच भरलेली. अशा फोनवर ही सोय बंद करून बघा, बऱ्याचदा फोन हलका वाटतो.

सगळ्यात साधा उपाय सगळ्यात जास्त विसरला जातो: आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करणं. आठवडाभरात एखादं ॲप मागच्या मागे अडकून पडलेलं असतं, एखाद्याने घेतलेली जागा परत केलेली नसते. रीस्टार्ट केल्यावर सगळा ओटा एकदा धुऊन निघतो.

तापलेला फोन मुद्दाम हळू चालतो

उन्हाळ्यात लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना हा अनुभव येतो. पडदा अंधुक होतो, कॅमेरा अडखळतो. यात बिघाड काही नसतो. फोनचा प्रोसेसर तापला की तो आपणहून वेग कमी करतो, नाहीतर आतले भाग आणि बॅटरी दोन्हींना इजा होईल. ॲपल कंपनी आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलेला फोन ही मर्यादा सहज ओलांडतो.

पावसाळ्यात मावळात हवा गार असते, तरी मामांचा फोन कोमट लागत होता. कारण ती प्लॅस्टिकची पिशवी. आत कॅमेरा, जीपीएस आणि पूर्ण उजेडाचा पडदा चालू, आणि उष्णता बाहेर पडायला वाट नाही. पावसापासून फोन जपायलाच हवा, पण जड काम करताना पिशवी काढून छत्रीखाली धरावा. चार्जिंगला लावून गेम खेळणं, उशीखाली ठेवून चार्ज करणं, जाड कव्हर घालून उन्हात नकाशा चालवणं या सवयीही सोडाव्यात. तापलेला फोन फ्रीजमध्ये तर कधीच ठेवू नका. आत बाष्प साचून पाणी होतं.

बॅटरी म्हातारी, फोन नव्हे

२०१७ च्या डिसेंबरात जगभर एका गोष्टीची चर्चा झाली. जुन्या आयफोनचा वेग कमी झाल्याच्या तक्रारी होत्या. काहींनी बॅटरी बदलली आणि तोच फोन पुन्हा पळायला लागला. मग ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग आपलीच प्रणाली कमी करते. कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि २०१८ साली बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ग्राहकांना हे सांगितलं नाही म्हणून फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

त्यामागचं कारण रासायनिक आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तशी तिच्यातून वीज बाहेर पडायला होणारा विरोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जोर मागितला की बॅटरीचा दाब खाली बसतो आणि ३० टक्के चार्जिंग दिसत असतानाही फोन फटकन बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून त्याला हळू चालवायचं, असा तो उपाय होता. ग्राहकाला न सांगता केला, ही चूक.

यातून आपण घ्यायची गोष्ट एवढीच: तीन-चार वर्षांचा फोन चार्जिंग उतरल्यावर मंद होत असेल, टक्के एकदम कोसळत असतील किंवा अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर नवा फोन बघण्याआधी बॅटरी बदलून बघा. तिचा खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो. मात्र कंपनीच्या सेवा केंद्रातून अस्सल बॅटरीच घ्या. फोनची पाठ फुगलेली दिसली तर दाबू नका, चार्जिंगला लावू नका, तसाच दुरुस्तीला न्या.

रेंजचा दोष फोनच्या माथी

भाजे गाव डोंगराच्या कुशीत आहे. लोहगड आणि विसापूरच्या सोंडा मोबाइलच्या लहरी अडवतात, त्यामुळे एका खाचरात पूर्ण रेंज आणि पलीकडच्या खाचरात एकच दांडी असं घडतं. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यावर गर्दी लोटते, तेव्हा एकच टॉवर सगळ्यांना पुरवावा लागतो आणि दांड्या भरलेल्या दिसूनही काही उघडत नाही. अशा वेळी फोन बदलून काही होणार नाही. ५जी कमजोर असेल तिथे सेटिंग्जमधून ४जी निवडा; दोन्हींमध्ये सारखी उडी मारण्यात फोनची शक्ती जाते. कमकुवत रेंजमध्ये फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून बॅटरीही लवकर उतरते.

न बोलावलेला पाहुणा

फोन काही न करता गरम होतोय, डेटा भराभर संपतोय, मधेच अनोळखी जाहिराती येतायत, ही लक्षणं दिसली तर आत कुणी घुसलंय का ते बघा. लग्नाची पत्रिका, गाडीचा दंड, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांच्या एपीके फायली व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या उघडून ॲप टाकलं की चोराला तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचता येतात. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, तिला ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही.

शंका आली तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवलं की हा पर्याय येतो. त्यात फक्त फोनची मूळची ॲप चालतात. तिथे फोन सुरळीत चालला, तर दोष तुम्ही टाकलेल्या कुठल्यातरी ॲपचा आहे. अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा आणि प्ले स्टोअरमधल्या ‘प्ले प्रोटेक्ट’ने तपासणी करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

शेवटचे दोन उपाय

एवढं करून फोन रखडतच असेल, तर दोन गोष्टी उरतात. पहिली सोपी आहे. सेटिंग्जच्या ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवलं की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ॲनिमेशनचे तीन आकडे एकवरून अर्ध्यावर आणा. पडदे सरकायचा वेळ निम्मा होतो आणि फोन चटपटीत वाटतो. तिथल्या बाकी कशालाही हात लावू नका.

दुसरी म्हणजे फॅक्टरी रिसेट. यात फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो, म्हणून ती अगदी शेवटी. आधी नंबर, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. गुगल खात्याचा पासवर्ड पाठ नसेल तर रिसेटकडे जाऊच नका, बॅकअप परत मिळणार नाही.

फोनला सुरक्षा अपडेट यायचे थांबले आणि बँकेची ॲप चालेनाशी झाली, तर मात्र तो बदलायची वेळ खरोखर आली. जुना फोन कचऱ्यात किंवा ओढ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

मामांच्या फोनला यातलं फारसं काही लागलं नाही. व्हॉट्सॲपचे सात जीबी उपसले, दोन बूस्टर काढले, रॅम एक्स्टेंशन बंद केलं, फोन एकदा बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खिशात ठेवून मामा बांधावर उभे राहिले. भाताचा फोटो पहिल्याच खेपेला निघाला आणि नोंद अपलोड झाली. दिवाळीच्या जाहिराती बघून नव्या फोनचे हप्ते ठरवण्याआधी तुम्हीही घरातल्या फोनला एक तास द्या. सुरुवात ‘स्टोरेज’ उघडून करा.